फिटरची भेग

आमच्या गावच्या नगरपालिकेच्या जुन्या इमारतीत एक भेग होती आणि त्या भेगेला माझ्या वडिलांचं नाव होतं. आता मी हे हसत सांगते. त्या काळी दुसऱ्या कुणी हसत सांगितलं की माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. "ते कपाट तिकडं सरकव, फिटरच्या भेगेपाशी," असं कारकून शिपायाला सांगायचे. त्यात त्यांचा वाईट हेतू काही नसायचा आणि मला तेच जास्त लागायचं. वाईट हेतू असता तर भांडता तरी आलं असतं. पालिकेत माझ्या वडिलांना सगळे फिटर म्हणत. घरी आम्ही अण्णा म्हणायचो.

अण्णांना निवृत्त होऊन पाच-सहा वर्षं झाली असतील, तेव्हा एका दुपारी त्यांचा फोन आला. मी तोवर लग्न होऊन अवसरी बुद्रुकला आले होते. अण्णा स्वतःहून फोन करणारे नव्हेत. आई नंबर लावायची, दहा मिनिटं बोलायची आणि मग "हं, बोला लेकीशी" म्हणून फोन त्यांच्या कानाला धरायची. ते "बरी हाय न्हवं?" एवढं विचारून परत द्यायचे. त्या दिवशी मात्र पहिल्यापासून तेच बोलत होते.

"इमारत तपासायला पुण्याचा इंजिनेर आलाय," ते म्हणाले. "भिंतीवर काच चिकटवली व्हती त्यानं मागल्या महिन्यात. ती फुटली म्हनत्यात."

"फुटली म्हणजे काय झालं?"

"काच फुटली म्हंजे भिंत सरकतीया. उद्या परत येनार हाय तो. मग रिपोर्ट लिवनार." मग बराच वेळ नुसतीच खरखर. मला वाटलं फोन कट झाला. "तू येतीस का? माझ्यासंगं चल तिथं. मला एकट्याला जाववत न्हाई."

रिपोर्ट म्हटल्यावर मी समजले. इतकी वर्षं ते नाव नुसतं लोकांच्या तोंडात होतं. आता ते कागदावर उतरणार होतं. इमारत खचली, कारण अमुक भिंतीला भोक पाडलं, आणि ते भोक पाडलं पालिकेच्या फिटरनं. शिक्का, सही, तारीख. मग ती इमारत पाडतील, आणि गावात जो तो म्हणेल की एवढी दगडी इमारत, हिला एका फिटरनं घालवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलांचे डबे भरले आणि निघाले. मंचरला गाडी बदलली, नारायणगावला उतरून जीप धरली. जीपमध्ये आठजणांच्या जागेत चौदा माणसं आणि पायाशी टोमॅटोचं क्रेट. फुटलेल्या टोमॅटोचा तो आंबूस वास नाकात गेला की मला आपोआप माहेर आठवतं. पण त्या दिवशी माहेरच्या घराआधी ती इमारत आठवली. माझं अर्धं लहानपण तिच्या मागच्या ओसरीत गेलंय.

काळ्या दगडाची, दुमजली, वर कौलं. खिडक्यांना कमानी. पुढच्या पायऱ्या मधोमध झिजून खोलगट झालेल्या, पाऊस पडून गेला की त्यांत पाणी साठायचं आणि चिमण्या अंघोळ करायच्या. शाळा सुटली की मी तिथं जाऊन बसायचे, कारण आई पिंपरी पेंढारला आमच्या वाट्याच्या रानात गेलेली असायची आणि घराला कुलूप. मागच्या ओसरीत एक लांब बाक होतं. त्यावर पालथी पडून मी गणितं सोडवायचे. आतून टाइपरायटरचा आवाज यायचा, ओळ संपली की टिंग. खिडकीतून जुन्या दप्तरांचा वास यायचा, त्यात डिंक, फिनेल आणि कुणीतरी नुकत्याच सोललेल्या संत्र्याचा. थंडीत त्यात द्राक्षांच्या पेट्यांतल्या कागदाची भर पडायची, कारण ज्याची बाग त्याच्याकडून एखादी पेटी पालिकेत यायचीच.

उन्हाळ्यात त्या ओसरीसारखी गार जागा गावात नव्हती. दगडी फरशीवर गाल टेकला की आतून ओल लागायची. पोलिओचे डोस त्याच ओसरीत. अख्ख्या गावाची लेकरं तिथं भोकाड पसरायची आणि दुपारी ती सगळी गेली की फरशीवर चुरमुरे सांडलेले असायचे. पंधरा ऑगस्टला पुढच्या अंगणात जिलेबी वाटायचे. ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळलेली. तिच्यावर बातमीची उलटी अक्षरं उमटलेली असायची आणि ती आम्ही वाचून मग खायचो.

अण्णांचं काम गावाला पाणी सोडायचं. हातात माणसाच्या छातीइतकी उंच लोखंडी चावी, वर आडवी मूठ. रस्त्यातलं झाकण उचलायचं, चावी खाली घालायची आणि फिरवायची. एका आळीचं बंद, दुसरीचं चालू. आमच्या आळीत पाणी यायच्या आधी नळ नुसतेच फुसफुसायचे, मग खाकरायचे, आणि मग पहिलं गढूळ पाणी भसकन यायचं. बायका म्हणायच्या, "आला गं फिटर." पाणी आलं असं नाही, फिटर आला. त्यांच्या शर्टाला कायम सफेद्याचा वास. नळाच्या आट्यांवर धागा गुंडाळून वर जो पांढरा लगदा चोपडतात, तो सफेदा. आई कपडे धुताना कुरकुरायची, पण तो वास नसला की मला अण्णा घरात नाहीत असं वाटायचं.

वरच्या सभेच्या खोलीत नळ पाहिजे, असं कुणाच्या तरी मनात आलं. कुणाच्या, ते मला तेव्हाही कळलं नाही. मी तेव्हा दहावीत होते. अण्णांनी जागा बघितली, खडूनं खूण केली आणि मागल्या दालनाच्या भिंतीला छन्नी लावली. दोन दिवस ठाक ठाक चाललं होतं. ओसरीतल्या बाकाला त्याचे हादरे बसायचे आणि माझी पट्टी सरकायची. तिसऱ्या दिवशी पाइप आरपार गेला, वर नळ लागला, साहेबांनी स्वतः तोटी उघडली आणि सगळ्यांना चहा सांगितला. अण्णा घरी येऊन आईला म्हणाले, "आज वरच्या मजल्यावर पानी चढवलं." जेवताना पुन्हा एकदा म्हणाले.

महिन्याभरानं ती भेग दिसली. आधी केसाएवढी. पाइपापासून निघाली आणि खिडकीच्या कमानीकडे गेली. मग दुसरी बाजू खाली, फरशीकडे. दर वर्षी रंगारी तिच्यात चुना भरायचे आणि थंडी संपेपर्यंत ती परत उघडायची, मागच्या वर्षीपेक्षा थोडी रुंद. अण्णा कामावर गेले की आधी तिथं जाऊन उभे राहायचे. मी एकदा त्यांना बघितलं. त्यांनी इकडंतिकडं पाहिलं आणि नख आत घालून बघितलं. पुढच्या वर्षी रुपयाचं नाणं घालून बघत होते.

आणि मी काय केलं, तर दहावीतच एक दिवस शाळेत कुणीतरी त्यावरून चिडवलं म्हणून घरी येऊन दप्तर आपटलं आणि म्हणाले, "एवढी अख्खी इमारत होती की तुम्हाला! दुसरीकडं कुठं पाडायचं होतं भोक." आई माझ्या अंगावर धावली. अण्णा जेवत होते. ताटातली भाकरी त्यांनी संपवली, ताट उचललं आणि मोरीत नेऊन ठेवलं. ते वाक्य माझ्या पोटात इतकी वर्षं तसंच आहे. आजही ते आठवलं की मला माझ्याच दोन थोबाडीत माराव्याशा वाटतात.

त्यांच्या निरोपाच्या कार्यक्रमाला मी गेले होते. शाल, नारळ, हार, पेढे. भाषणात एकजण म्हणाले, "आमच्या फिटरनं गावाला पाणी दिलं आणि इमारतीला भेग दिली." सगळी खोली हसली. अण्णाही हसले, हारातली एक पाकळी तोडून बोटांनी चुरगाळत हसले. त्या दिवसानंतर त्यांनी पालिकेसमोरचा रस्ता सोडला. दूध आणायचं तरी भाजीबाजारामागून वळसा घालून. आई म्हणायची, गुडघे दुखतात म्हणता आणि एवढं लांबून जाता. ते म्हणायचे, तिकडनं सावली असती.

तर अशा त्या इमारतीपुढं आम्ही दोघं त्या दिवशी उभे राहिलो. अण्णांनी धुतलेला पायजमा घातला होता, टोपी कडक. दाढी केली होती आणि घाईत हनुवटीला कापलं होतं. इमारतीला पुढून दोरी बांधून पाटी लावलेली, 'धोकादायक, आत जाऊ नये'. अर्धं ऑफिस तोवर शाळेजवळच्या भाड्याच्या जागेत हललं होतं. या जागी नवी इमारत होणार, खाली दुकानांचे गाळे निघणार, असं चहाच्या टपरीवर चाललंच होतं. दुसरे म्हणत होते, एवढा दगड आता कोण रचतो, दुरुस्त करा. मी अर्थात दुसऱ्यांच्या बाजूची. माझं बाक होतं तिथं, माझा जीव होता त्या ओसरीत.

आम्हाला बघून काशिनाथ बाहेर आला. काशिनाथ पालिकेचा जुना शिपाई, अण्णांच्या बरोबरीनं लागलेला, वयानं लहान म्हणून अजून नोकरीत होता.

"या फिटर," तो म्हणाला. "लई वर्सांनी."

"इंजिनेर हाय का आत?"

"हाय की. सकाळपासनं ठोकतोय समदीकडं. तुमी कशाला आलाय पन? आत सोडायचं न्हाई म्हनून सांगितलंय."

"त्यास्नी सांग, भोक ज्यानं पाडलं तो मानूस आलाय."

काशिनाथनं माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली. तो आत गेला आणि लगेच परत आला. "या म्हनत्यात."

इंजिनिअर पन्नाशीचे, बारीक, चष्मा दोरीनं गळ्यात अडकवलेला. हातात इवलीशी हातोडी. मला वाटलं होतं कुणीतरी रुबाबदार असेल, तर ह्यांच्या विजारीचे गुडघे धुळीनं पांढरे झालेले. त्यांनी अण्णांना खुर्ची दिली. अण्णा बसले नाहीत.

मागल्या दालनात सामान नव्हतं. कपाटं हलवल्यामुळं भिंत उघडी पडली होती आणि त्या रिकाम्या भिंतीवर ती भेग मी पहिल्यांदाच अख्खी पाहिली. कमानीपासून फरशीपर्यंत, वाकडीतिकडी, मधे पोट सुटल्यासारखी भिंत पुढं आलेली. भेगेवर काचेच्या दोन पट्ट्या आडव्या चिकटवलेल्या, दोन्ही मधोमध तडकलेल्या. अण्णांनी टोपी काढून हातात घेतली.

"ते भोक मी पाडलं, सायेब," अण्णा म्हणाले. "कुनी सांगितलं आन का सांगितलं त्ये जाऊ द्या. छन्नी माझ्या हातात व्हती. भेग त्याच्या मागनं आली. त्ये तुमाला कुनीतरी सांगनारच, म्हनून म्या सोता सांगतो."

इंजिनिअर पाइपापाशी वाकले. मग म्हणाले, "किती दिवस लागले होते?"

"दोन."

"दोन दिवस? एवढ्याशा भोकाला?"

"दगुड फोडायचा नव्हता मला. दोन दगडांच्या मधल्या दर्जेतनं वाट काढली. मधली येक बारक्या दगडाची चिपळी काढली, पाइप घातला, परत बसवली. फोडला असता तर दोन तासांत झालं असतं."

"म्हणजे दगडाला छन्नी लावलीच नाही?"

"न्हाई. पन भेग तर आली न्हवं."

इंजिनिअर भिंतीकडं वळले. चष्मा डोळ्यांवर चढवला आणि भिंतीवर हातोडीनं टकटक करत निघाले. कमानीच्या दगडावर आवाज भरीव आला. दालनाच्या कोपऱ्यात भरीव. पुढं आलेल्या भागावर आले तर डब्यावर वाजवावं तसा पोकळ. पुन्हा मागं गेले, पुन्हा वाजवलं. मग खिशातून पातळ पटाशी काढली, भेगेत घातली आणि हळूच उचकटली.

पाटावरून पीठ घसरावं तसा एक मोठा पापुद्रा भिंतीवरून सुटला आणि आमच्या पायांशी येऊन पडला. केवढी धूळ. मी अण्णांचा हात धरून त्यांना मागं ओढलं. मला वाटलं भिंतच आली. काशिनाथ दारात जाऊन उभा राहिला होता.

धूळ बसल्यावर इंजिनिअर खाली वाकले आणि त्यातला एक तुकडा उचलला. चांगला बोटभर जाड होता. त्याची कड त्यांनी उजेडात धरली. पांढऱ्यात लाल रेघा, एकीखाली एक, खारी बिस्किटाला पदर असतात तशा.

"हे काय आहे?" ते म्हणाले. "लाल कसलं? विटेची पूड घालत होते का चुन्यात?"

मग अण्णा पुढं झाले, तुकडा हातात घेतला, अंगठ्यानं पुसला.

"कुंकू हाय त्ये, सायेब."

आणि मला दसरा दिसला. आमच्या पालिकेत खंडेनवमीला हत्यारांची पूजा व्हायची ती कपाटं बाजूला सरकवून याच भिंतीशी. आदल्या आठवड्यात अंगणात पिंपात चुना विरघळायचा. कळीचा चुना पाण्यात पडला की पिंप रटरटायचं, वाफा निघायच्या आणि आम्हा पोरींना लांब उभं करायचे. त्यात डिंकाचं पाणी, थोडी नीळ. घायपाताच्या कुंचल्यानं भिंतीला दोन हात मारायचे. मग पूजेच्या दिवशी त्या ताज्या पांढऱ्या भिंतीशी सगळं मांडायचं, अण्णांची चावी, पाने, हातोड्या, झाडूवाल्यांचे खराटे, कारकुनांचे टाक आणि शिक्के, टाइपरायटरसुद्धा, सगळ्यांना झेंडूच्या माळा. आरती झाली की एका परातीत कुंकू कालवलेलं असायचं. त्यात हात बुडवायचा आणि भिंतीवर पंजा उठवायचा. साहेबापासून गटार काढणाऱ्यापर्यंत सगळ्यांनी, एकाच भिंतीवर. वर्षभर ते पंजे तसेच राहायचे. नवीन लागलेल्या माणसाला विचारायचे, पंजा झाला का तुझा? पंजा झाला म्हणजे नोकरी लागली.

पुढच्या वर्षी रंगारी आले की इमारतीतल्या बाकी सगळ्या भिंती ते आधी खरवडायचे. ही भिंत नाही. हिला खरवडायचं नाही, नुसता वरून चुना मारायचा, असा रिवाजच होता. खरवडलं की कुंकू खाली पडणार, पायदळी येणार. आणि त्या पंज्यांत वर्षात गेलेल्या माणसाचाही पंजा असायचा, तो पत्र्यानं खरवडून काढायचा कसा? म्हणून वर्षानुवर्षं चुना, कुंकू, चुना, कुंकू. यंदा चुना मारून झाला आणि ऑफिस हललं, म्हणून वर पंजे तेवढे नव्हते. आमच्या आजोबांच्या काळापासून, कदाचित त्याच्याही आधीपासून. एवढी शहाणी माणसं त्या इमारतीत बसायची, रोज त्या भिंतीशेजारी चहा प्यायची, पण भिंत दर वर्षी जाड होतेय हे कुणाच्या डोक्यात आलं नाही.

अण्णांनी हे सगळं इंजिनिअरांना तीन-चार वाक्यांत सांगितलं. ते ऐकता ऐकता इंजिनिअर भिंतीकडं वळले होते. पापुद्रा पडला तिथं खालचा दगड उघडा झाला होता. काळा, घडलेला, पाथरवटाच्या टाकीच्या खुणा अजून ताज्या वाटाव्यात असा. त्यांनी त्यावरून हात फिरवला. वर कमानीपर्यंत, खाली फरशीपर्यंत. बॅटरी लावून दर्जा बघितल्या. पाइपाच्या भोवती बघितलं. मग बाजूचा चुना आणखी काढायला लागले, आणि काशिनाथही न सांगता पुढं आला आणि पत्र्यानं काढू लागला. जिथं जिथं भेग होती तिथं तिथं खाली अखंड दगड निघत होता. भेग चुन्यातच सुरू होत होती आणि चुन्यातच संपत होती.

"छन्नीच्या हादऱ्यानं चुन्याचा थर दगडापासून सुटला," इंजिनिअर म्हणाले. "आणि सुटलेल्या थरावर तुम्ही दर वर्षी आणखी चुना चढवलात. वजन वाढलं, तो खाली ओढला गेला. भिंतीला काहीही झालेलं नाही."

"आन काच?" अण्णांनी विचारलं. "काच फुटली की."

इंजिनिअरांनी चष्मा काढला आणि विजारीला पुसला, त्यानं तो आणखीच खराब झाला. "काच दगडावर लावायची असते," ते म्हणाले. "मी चुन्यावर लावली. मला वाटलं गिलावा असेल पातळ. माझी चूक झाली, फिटर."

साहेबाच्या तोंडून चूक झाली हे शब्द मी त्या इमारतीत पहिल्यांदाच ऐकत होते. अण्णांना ते कळले की नाही कोण जाणे. ते पाइपापाशी वाकून आपली ती चिपळी बघत होते. जशी बसवली होती तशी बसलेली होती. तिच्यावर त्यांनी दोन बोटं ठेवली आणि दाबून बघितली.

"रिपोर्टात लिवनार न्हवं तुमी हे?" त्यांनी विचारलं.

"लिहिणार."

"कवा?"

इंजिनिअर हसले. त्यांनी वही काढली, खिडकीच्या कट्ट्यावर ठेवली आणि उभ्या उभ्या लिहिलं. अण्णा म्हणाले, माझ्या लेकीला वाचू द्या. मी वाचलं. मागील दालनाची भिंत सुस्थितीत आहे, दिसणारा तडा फक्त चुन्याच्या थरातला आहे, पाइपासाठी केलेल्या छिद्रामुळे बांधकामास कोणतीही इजा झालेली नाही. अण्णा म्हणाले, परत वाच. मी परत वाचलं. शेवटच्या ओळीला माझा आवाज फुटला आणि मी ती नीट वाचू शकले नाही, तर काशिनाथ म्हणाला, "इजा झालेली न्हाई. कळलं आमाला. पुरं."

बाहेर आलो तेव्हा दुपार झाली होती. अण्णा पायरीवर बसले. मी शेजारी बसले. इतकं हलकं वाटत होतं की हसू येत होतं, कशावरही. समोरून एक शेळी पाटीची दोरी ओलांडून आत निघाली होती त्यावरही आलं.

"अण्णा," मी म्हटलं, "मी दहावीत असताना तुम्हाला एकदा बोलले होते. भोकावरून."

"बोलली व्हतीस," ते म्हणाले.

"आठवतंय तुम्हाला?"

"आठवनार न्हाई व्हय." मग माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "खरंच वाटत व्हतं तुला, म्हनून बोलली. मलापन खरंच वाटत व्हतं." तो हात त्यांनी बराच वेळ काढला नाही. चुन्याची पाच बोटं माझ्या साडीवर उमटली होती ती मला घरी गेल्यावर दिसली.

थोड्या वेळानं इंजिनिअरही बाहेर आले. छपराची लाकडं मात्र वाळवीनं खाल्लीत, ते सांगत होते. भिंती ठेवून छप्पर बदलता येईल, किंवा पालिकेनं ठरवलं तर सगळंच नवं. ते माझ्या हातात नाही, मी दोन्ही खर्च लिहून देईन. ते गाडीत बसून गेले आणि मी तिथंच कंबर कसली. गावात सह्या गोळा करू. शाळेतल्या बाईंना सांगू, आळीतल्या बायकांना सांगू, माझ्या वर्गातल्या निम्म्या पोरी अजून इथंच आहेत. एवढी भक्कम इमारत, तिला हात लावू द्यायचा नाही. माझं आपलं चाललं होतं, अर्ज कुणाच्या नावानं करायचा इथपर्यंत मी आले होते. अण्णांनी सगळं ऐकून घेतलं.

मग ते उठले, टोपी झटकून डोक्यावर ठेवली आणि भर बाजारातून जाणाऱ्या समोरच्या रस्त्याला लागले.

"पाडू दे की," ते म्हणाले. "आता पाडली तर ती त्यांनी पाडली."